एकोणतीस आणि एकतीस

गोरेगाव नावाच्या खेड्यातल्या शाळेत सहावीला गणित शिकवायला लागून मला थोडेच दिवस झाले होते. फळ्यावर मूळ संख्या आल्या की पोरं जांभया द्यायची, म्हणून एकदा सगळ्यांना मैदानात नेलं. प्रत्येकाचा हजेरी नंबर हीच त्याची संख्या. दोनचा पाढा म्हटला की खुद्द दोन सोडून त्यातले बाकीचे खाली बसायचे, मग तीनचा, मग पाचचा. एक ही संख्या मूळ धरत नाहीत, म्हणून पहिल्या नंबरच्या मुलाला सुरुवातीलाच बसावं लागलं. तो फार नाराज झाला.

शेवटी उभे उरले ते मूळ. त्यातही ज्या दोघांत फक्त दोनचा फरक, त्या जोडमूळ संख्या. त्यांनी हात धरायचे. पाचचे दोन्ही हात गुंतले, एकीकडे तीन, दुसरीकडे सात. अकरा-तेरा जुळले, सतरा-एकोणीस जुळले. एकोणतीस आणि एकतीस मात्र एकमेकींकडे पाठ करून उभ्या.

दोघी गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरच्या चुलत बहिणी. पुन्हा सांगितलं तरी हलेनात. मधे बसलेली तीस नंबरची पोरगी त्यांच्याच तांड्यावरची. ती म्हणाली, "मॅडम, त्या बोलत न्हाईत. दोघींच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून भांडण झालंय, घरच्यांनीच बोलू नका म्हणून सांगितलंय."

मी विषय सोडूनच देणार होते. तेवढ्यात एकतीसने विचारलं, अशा जोड्या शेवटी कुठं संपतात.

"संपत नसाव्यात असं वाटतं," मी म्हणाले, "पण जगात अजून कुणालाच ते सिद्ध करता आलेलं नाही."

एकोणतीस गर्रकन वळली. "कुणालाच न्हाई?"

त्या दोघी समोरासमोर आलेल्या पाहून तीसने बसल्या जागेवरून त्यांचे हात ओढले आणि आपल्या डोक्यावर जुळवून दिले. दोघींना हसू आवरेना.

पुढच्या आठवड्यात दोघी शंभराच्या पुढच्या जोड्या शोधून माझ्याकडे आल्या. एकशे एक-एकशे तीन, एकशे सात-एकशे नऊ, बरोबर होत्या. एकमेकींशी बोललेलं घरी चालतं का, मी विचारलं.

"आमी बोलून न्हाई राहिलो, मॅडम," एकोणतीस गंभीरपणे म्हणाली. "गणित करून राहिलो."

घरीही त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि अभ्यासाला नको कोण म्हणणार?

धुऱ्याचं भांडण त्या साली काही मिटलं नाही. पण पालकसभेला दोघींच्या आया एकाच जीपने आल्या. आत येण्याआधी हापशावर एक पाणी हापसत होती, दुसरी तोंड धूत होती. खिडकीतून ते पाहून मला इतकं बरं वाटलं की सभेत काय बोलायचं होतं तेच मी विसरले.