अक्काचे एका हाताचे वाद्य

अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, डाव्या हाताचा जोर गेला, त्या वर्षी तिने आपली वीणा माझ्याकडे पाठवून दिली. वीणेत उजवा हात तार छेडतो. स्वराला जीव येतो तो मात्र डाव्या हाताने तार ओढून तो झुलवल्यावर. त्या झुलण्याला गमक म्हणतात. तिरुवैयारूला मुलांना मी आयुष्यभर तेच शिकवत आलो आहे.

वर्षभराने अक्काने स्वतःचे वाद्य केले. फणसाच्या लाकडाचा रूळ राजवाड्यामागच्या सुताराकडून कातून घेतला, त्याला सायकलचे पॅडल लावले, आणि खिळे कुठे ठोकायचे ते खडूने दाखवले. उजव्या हाताने पॅडल फिरवले की खिळे सहा तारा छेडत जात. स्वर सहाच, तेही सरळसोट. रुळाच्या एका फेऱ्यात मावेल तेवढीच चाल. जिथे गमकावाचून चालणार नाही असे तिला वाटे, तिथे ती खिळाच ठेवत नसे. त्या मोकळ्या जागांवर तिने किती विचार केला असेल! मला तिथे फक्त उणीव ऐकू आली.

"काय वात्यार, किती मार्क?" तिने विचारले. वात्यार म्हणजे मास्तर. मला चिडवायचे असले की ती तमिळवर येई.

"स्वर काठीसारखे उभे राहतात, अक्का. नीट करून देतो."

"नक्को रे. मला एवढं पुरतं."

"चार दिवस दे."

"सरि, बरं," ती म्हणाली. धाकट्याचा हट्ट पुरवावा तशी.

मी जुने खिळे उपटले, भोके लाखेने बुजवली आणि शास्त्राला धरून नवे खिळे ठोकले. डाव्या बाजूला तारा ताणणारी एक दांडी बसवली. नवरात्रात तिच्या घरी कोलूत मांडलेल्या बाहुल्या पाहायला बायका जमल्या होत्या. त्यांच्यासमोर मी ते वाजवून दाखवले. स्वर झुलले. "अगदी वीणाच की हो!" शेजारीण म्हणाली. दांडीची रचना मी सविस्तर समजावून सांगितली. मग उठलो. "ये अक्का, आता तू."

ती बसली. उजव्या हातात पॅडल धरले आणि दांडीकडे पाहत राहिली. डावा हात मांडीवर पदराखाली होता. बायकांच्या नजरा त्या पदराकडे गेल्या, तेव्हा कुठे मला कळले.

"छान केलंस. तूच वाजव," ती म्हणाली, आणि प्रसादाचे सुंडल आणायला आत गेली.

दुसऱ्याच दिवशी मी दांडी काढून टाकली. पण जुने खिळे परत ठोकायचे, तर अक्काची चाल कुठे लिहिलेली नव्हती. मी ती एकदाच ऐकली होती, तीही दोष शोधत. खिळे कुठे होते, विचारले, तर "आठवत नाही" म्हणाली. माझ्या लहानपणीचे शाळेतले धडे तिला अजून पाठ आहेत.

क्षमा मागायला मला तीन वर्षे लागली. ती कॉफी गाळत होती.

"कशाची रे? यंत्रच ते. त्यात कसलं संगीत?"

हे मत माझे होते. तिने ते कधी मानले नव्हते. आता मानते.