आधी रांगेत लावा

"आधी रांगेत लावा," असं म्हणून आमचे साहेब चष्मा कपाळावर चढवायचे. चष्मा वर गेला की वाद संपला, हे कर्जतच्या आमच्या भात संशोधन केंद्रात शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्हीही असा एखादा वरिष्ठ सोसला असेल.

सरासरीचं त्यांना वावडं. "एक हत्ती नि नऊ उंदीर घ्या, सरासरीनं दहा म्हशी होतात," म्हणायचे.

बाजारातही तेच. दोन बायांच्या पाट्यांतले आंबे एकत्र करायचे, एकीच्या आंब्यांखाली खूण म्हणून पान सारायचं आणि लहानापासून मोठ्यापर्यंत रांग लावायची. मोठ्या टोकाला कोणाचे जास्त जमतात ते बघत बसायचे. एकदा एक बाई वैतागली. "सायेब, आंबं खायाचं हायत, त्यांची कवायत नाय घ्यायची." साहेब हसले आणि दोघींकडूनही घेतले.

साहेबांनी स्वतः भाताचं एक वाण तयार केलं होतं. उमेदीची वर्षं त्यातच गेली. निवृत्तीच्या आत ते शेतकऱ्यांच्या हाती पडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. कर्जत-खालापुरातल्या काही शेतांत नवं वाण लावलं, दुसऱ्या काही शेतांत जुनं. कापणीनंतर सरासरी काढली, तर नवं बरंच पुढे. आम्ही लगेच पेढे आणायला माणूस धाडला.

साहेबांनी मात्र सगळ्या पिशव्या व्हरांड्यात आणवल्या. प्रत्येकीत शेताच्या सारख्याच मापाच्या तुकड्यातलं भात होतं. नव्याला लाल दोरा, जुन्याला पांढरा. हलकीपासून जडपर्यंत रांग लागली. नवं खरंच सरस असतं तर लाल दोरे जड टोकाला जमले असते. ते तर रांगभर विखुरले होते. सगळ्यात जड पिशवी तेवढी लाल दोऱ्याची, चौक गावाजवळच्या एका शेतकऱ्याची. त्याने शेतात धनगराची मेंढरं बसवली होती. लेंडीखताने पीक माजलं होतं आणि त्या एकट्यानेच सरासरी वर ओढली होती.

साहेबांनी पिशव्यांना क्रमांक दिले, दोन्ही रंगांच्या क्रमांकांच्या बेरजा केल्या आणि एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो का, ते संख्याशास्त्राच्या तक्त्यात पाहिलं. पडू शकत होता.

मी म्हटलं, "साहेब, सरासरीच लिहू या ना. खोटी थोडीच आहे?"

"पहिला तो पहिला. किती पुढे, हे रांग विचारत नाही." मग म्हणाले, "फरक नाहीच असं मी म्हणत नाही. पण आहे, असं या पिशव्यांवरून म्हणता येत नाही. दुसऱ्याचं वाण असतं तर मी पास केलं असतं का?"

अहवालात तेच गेलं. पेढ्यांना कोणी हात लावला नाही. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटत होतं.

वाण निघालं नाही. साहेब निवृत्त होऊन गावी गेले आणि थोड्या वर्षांत वारले. बातमी कळली तेव्हा मी चौकच्या त्या शेतकऱ्याला सांगायला गेलो. ऐकून तो बांधावरच बसला. मग उठला आणि मला शेताच्या कोपऱ्यात घेऊन गेला. तिथे साहेबांचं वाण लोंब्यांवर आलं होतं.

"दरसाल घरापुरतं लावतो," तो म्हणाला.

"जास्त पिकतं का?"

"नाय वो. बाकीच्याएवढंच पिकतं. पण सायबांचं हाय ना."