मारुतीची कंबर आणि आमची व्हॅन

पूर आला की तुम्ही आधी कोणाकडे बघता? नाशिकचे असाल तर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीकडे. पाणी त्या मूर्तीच्या कमरेला लागलं की सावध व्हायचं, छातीला लागलं की सामान हलवायचं. आमचं घर पत्रकांवर वाढलेलं. वडिलांनी काढलेली अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं घड्या घालून वाटण्यात माझं बालपण गेलं. पण पुराच्या बाबतीत आम्हीही मारुतीच्याच भरवशावर.

अर्धांगवायू झाल्यापासून वडिलांना जिना चढता येत नाही. आणि आमच्या नाल्याकाठच्या वसाहतीसाठी ठरवलेला निवारा म्हणजे शाळेचा दुसरा मजला. जिना न चढणाऱ्यांनी बुडायचं का, असं मी महापालिकेला दिलेल्या निवेदनात विचारलं. उत्तर आलं नाही. मग सभांचे कर्णे वाहून नेणारी आमची जुनी व्हॅन मीच तयार केली. मागची सीट काढून फळी बसवली, वर गादी घातली. पाण्याचा कॅन, वडिलांच्या गोळ्या, चुरमुरे, ताडपत्री, बॅटरी, लघवीचं भांडं. शेजारचे काका येता-जाता विचारायचे, सहलीला कधी निघताय?

धरणातून पाणी सोडलं त्या दुपारी फोनवर मारुतीचे फोटो येत होते. पाणी गुडघ्यापर्यंतच होतं. अजून वेळ आहे, असं मीच घरात सांगितलं. पण नदी फुगली की नाल्याला पुढे वाट मिळत नाही, तो उलटा गल्लीत शिरतो. मारुतीची कंबर कोरडी असताना आमच्या व्हॅनची चाकं अर्धी बुडाली होती, आणि तिचं तोंड नाल्याकडे.

वडिलांना खुर्चीसकट उचलून व्हॅनपर्यंत नेलं आणि फळीवर निजवलं. सायलेन्सर पाण्याखाली गेलेला, म्हणून इंजिन सुरू केलं नाही. काका आणि गल्लीतले आणखी काहीजण व्हॅन उलटी ढकलत चढाला लागले.

फळीवरून वडील अडखळत म्हणाले, "देव नाही म्हणून जन्मभर पत्रकं काढली, आणि पाणी मोजायला मारुती?"

"भाऊ, भाषण नंतर," काका धापा टाकत म्हणाले. "आधीच जड आहात."

पाणी ओसरेपर्यंत वडील चढावर, त्या फळीवर राहिले. काचा थोड्या उघड्या ठेवल्या, इंजिन बंदच ठेवलं. नंतर मी नाल्याच्या कठड्यावर, पाणी ज्या उंचीवरून गल्लीत वळतं त्याच्या वीतभर खाली, लाल पट्टा ओढला. आता व्हॅन तोंड रस्त्याकडे करूनच उभी असते.

तुमच्या गल्लीत पाणी आधी कुठून शिरतं, ते जुन्या रहिवाशांना विचारा. तिथे या आठवड्यातच पट्टा ओढा. पाणी पट्ट्याला लागलं की फोटोंची वाट बघू नका. जिना न चढणाऱ्या माणसाला आधी गाडीत बसवा आणि चढावर न्या.