आगगाडीचं चित्र असलेलं कार्ड

शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातली सेल्वी अक्का नसती, तर मी बँकेचे कागद न वाचताच सही करून बसलो असतो. सातवीत शाळा सोडली आणि सांगलीकडच्या गावातून इथे तमिळनाडूत सोनं गाळायच्या कामाला आलो. आता माझं स्वतःचं छोटं गलाईचं दुकान आहे. दुकानासाठी क्रेडिट कार्ड हवं म्हटल्यावर बँकेनं तीन वेगवेगळ्या कार्डांची तीन पत्रकं हातात दिली, तिन्ही इंग्रजीत. अक्कानं ती काउंटरवर मांडली. एकावर विमान होतं, एकावर बाजारातलं दुकान, एकावर पुलावरून जाणारी आगगाडी. माझं बोट आगगाडीवर गेलं ते तिथंच राहिलं.

"तंबी," अक्का म्हणाली. इकडे धाकट्या भावाला तंबी म्हणतात. "कार्ड दुकानाला घेतोयस की गावाला जायला? याची वर्षाची फी बघितलीस का?"

मी हसलो, पण बोट काही उचललं नाही. आई फोनवर हल्ली 'कधी येतोस' विचारत नाही, 'जेवलास का' एवढंच विचारते. आपला खर्च कशावर होतो ते बँक बारकाईनं विचारते. जीव कुठे अडकलाय, त्याला अर्जात रकाना नसतो.

अक्कानं ओळ न् ओळ तमिळमध्ये समजावली. मी बिनफीचं, दुकानाच्या चित्राचं कार्ड घेतलं. आगगाडीचं पत्रक मात्र घडी करून खिशात ठेवलं.

एक दिवस अक्काला गावी नेईन. तिकडच्या पाट्या तिला वाचता येणार नाहीत. स्टेशनापासून घरापर्यंतची एकेक पाटी मी तिला वाचून दाखवीन.