ओल्या कागदावरचा डोंगर

धारूरच्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात माणिकरावांचा उभा जन्म गेला. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा पेंटर म्हणून त्यांचं नाव होतं. गेल्या वर्षी लकवा मारला, उजवा हात थरथरू लागला आणि त्यांनी ब्रश माळ्यावर टाकले. दिवसभर ते ओसरीवर नुसते बसून राहायचे.

सून यशोधरा शाळेत चित्रकला शिकवायची. एका रविवारी तिने त्यांच्यापुढे जाड कागद ठेवला आणि स्पंजने सगळा ओला केला.

"मामा, रेघ मारायचीच न्हाई," ती म्हणाली. "नुसता रंग टेकवा."

"हात हलतोय की गं."

"हलू द्या. पुढचं काम पाणी करतंय."

त्यांनी निळा रंग टेकवला. तो आपसूक पसरला, कडा विरघळल्या आणि धुक्यातला बालाघाटाचा डोंगर दिसू लागला. यशोधराने ओल्या रंगावर फडकं दाबून उचललं, तर तिथं पांढरा ढग उमटला. माणिकरावांचे डोळे भरून आले.

चित्र वाळल्यावर ते म्हणाले, "खाली माझं नाव लिव्ह."

तिने लिहिलं.

"आता तुझंबी लिव्ह, पोरी. तुझ्यामुळं मी परत पेंटर झालो."