सोमवारचं खूळ

डाएट सोडणं मला कधीच जड गेलं नाही. जड जातं ते नवा सुरू न करणं. नवा डाएट ठरवला की रविवारी संध्याकाळी जसं बरं वाटतं, तसं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं. उद्यापासून आपण दुसरंच कुणीतरी होणार, हलकं, शहाणं, कशाचीही काळजी नसलेलं. कधी भात बंद, कधी गोड बंद, कधी सगळंच बंद आणि नुसता दुधीचा रस. नवरा म्हणायचा, "या आठवड्यात काय बंद आहे तेवढं सांग, म्हणजे भाजी आणायला बरं." मी राग गिळायची. डाएटमध्ये तेवढंच गिळायची मुभा असते.

यंदाचं खूळ वेळेचं होतं. सकाळी कोमट पाणी आणि पहिला घास थेट दुपारी दोनला. आई भूम गावी माझ्या भावाकडं असते. तिचा रोज सकाळी अकराच्या सुमारास फोन येतो, मी धाराशिवात ऑफिसात असते तेव्हा. प्रश्न एकच, "जेवलीस का गं?" मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, "न्हाय, माझी वेळ व्हायचीय." ती म्हणायची, "बरं," आणि फोन ठेवायची.

त्याच दिवसांत आई वाळायला लागली. बांगड्या हातात राहिनात, पोलकं खांद्यावरून घसरायला लागलं. तिला धाराशिवला आणून सगळ्या तपासण्या केल्या. काहीच निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, "पोटात अन्न जाऊ द्या, दुसरं औषध नाही." वडील असेच गेले होते, एकेक घास कमी करत. तेव्हाही कुठल्या तपासणीत काही निघालं नव्हतं.

मग एकदा वहिनीचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती. आईला ती आत्या म्हणते. "ताई, रागावू नका, पण तुमच्याशी बोलणं झालं की आत्या ताट सरकवत्यात. म्हणत्यात, लेक उपाशी हाय, मला घास उतरंना."

मला आधी हसूच आलं आणि लगेच रडूही. चाळिशी उलटून गेलेली बाई मी, घरी डबाभर बदाम, आणि मी उपाशी?

बरं, तेव्हा तरी मी जेवायला लागावं की नाही? नाही. त्याच आठवड्यात ऑफिसातल्या मैत्रिणीनं फोनवर नव्या डाएटचा तक्ता पाठवला होता. हा आधीच्यापेक्षा भारी होता म्हणे. मी ठरवलं, हाच सोमवारपासून धरायचा आणि आईला फक्त "जेवले" म्हणायचं. कुणाचं काय बिघडतंय?

दुसऱ्याच दिवशी आईनं फोनवर विचारलं, "जेवलीस?"

"जेवले."

"काय केलंतंस?"

मी गांगरले. "भाजी."

"कशाची?"

मला एकही भाजी आठवेना. बाजारात एवढ्या भाज्या असतात, पण जिभेवर एक येईल तर शपथ. पलीकडून आई म्हणाली, "कायतरी लपवायलीस तू." तिनं फोन ठेवला आणि वहिनीनं नंतर सांगितलं, त्या दिवशी आईनं पाणीसुद्धा आग्रह केल्यावर घेतलं.

शनिवारी सकाळची एसटी धरून भूमला गेले. भाऊ शेतात गेला होता. आईनं मला खोलीत ओढलं, दार लोटलं आणि माझं मनगट धरलं. हाताला तिची नुसती हाडं लागली.

"जावई काय बोलत्यात का? घरात खायला देत न्हाईत का? खरं सांग."

"अगं आई, डाएट आहे तो. वजन कमी करायला."

"म्हंजी उपासच की. कुणासाठी धरलास?"

"माझ्यासाठी."

तिच्या उभ्या जन्मात उपास झाले ते वडिलांसाठी, भावासाठी, माझ्यासाठी. स्वतःसाठी कुणी उपाशी राहतं, हे तिला पटेचना. "दुखणं असंल तर सांग," ती पुन्हा म्हणाली. तिच्या डोळ्यांत ती भीती बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनीनं ताटं आणली. भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी. दोन वाजायला बराच अवकाश होता आणि मन सवयीनं हिशेब करायला लागलंच. हे आज खाल्लं तर उद्याचं काय, आणि सोमवारचं? मी घास तोडला. आईनं तिचा तोडला. मी दुसरा घेतला, तिनं दुसरा. मी पाणी प्यायला थांबले तशी तिनंही भाकरी खाली ठेवली.

"भूक न्हाय का तुला?" मी विचारलं.

"मला कुठली भूक आता," ती अगदी सहज म्हणाली. "कवाच मेली ती. तू जेवलीस की तुझ्या नावानं दोन घास ढकलते, झालं."

त्यानंतर बरेच सोमवार आले. तक्ता फोनमध्ये आहे. रविवारी संध्याकाळी हात तिकडं जातो, खोटं कशाला बोलू. पण अजून उघडलेला नाही. ऑफिसला निघायच्या आधी जेवते आणि काय जेवले ते खरं सांगते. आईचं वजन फार वाढलेलं नाही, माझं वाढलंय. आईच्या जिवाची धास्ती मला रोजच असते.

परवाच्या शनिवारी पुन्हा भूमला जेवायला बसलो. माझी भाकरी संपली, पोट भरलं. तरी मी वहिनीला म्हटलं, अजून एक वाढ. आईच्या ताटात अजून अर्धी शिल्लक होती.