बाळाप्पाच्या जिभेखालचा दगड

"चोखा लिंबू," मी म्हणालो. बाळाप्पाने फोड तोंडात घातली आणि माझ्यादेखत त्याच्या उजव्या जबड्याखाली पेरूएवढी गाठ उभी राहिली. तो विव्हळला. मी मात्र खूश झालो. कॅन्सर लिंबाला अशी ओ देत नाही.

बाळाप्पा बोरगावचा. निपाणीत तंबाखूच्या वखारीत पान पारखायचा. चार वर्षं जेवताना गाठ यायची, तासाभराने ओसरायची. घरच्यांनी लागणारा रोग ठरवून त्याचं ताट गोठ्यात हलवलं. जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन दवाखान्याच्या इन्स्पेक्शनला आले तेव्हा त्यांनी हॅट न काढता, तीन हातांवरून निदान केलं: "कॅन्सर. टोबॅको." चिठ्ठीचं अक्षर मात्र सुरेख होतं.

वैद्यांनी नाडी पाहिली, देवऋष्याने अंगारा लावला. तोंडात बोट कुणीच घातलं नव्हतं. दुसऱ्याच्या उष्ट्या तोंडाला कोण शिवणार?

"आठ दिसांनी लेकीचा साखरपुडा हाय," बाळाप्पा म्हणाला. "व्याह्याच्या मांडीला मांडी लावून जेवाय पायजे. न्हाय बसलो तर सोयरीक मोडंल. बसलो तर गाठ बघून मोडंल."

मी एक बोट त्याच्या जिभेखाली घातलं आणि दुसऱ्या हाताने गाठ बाहेरून वर उचलली. कंपाउंडर गुंडूने तोंड फिरवलं.

"डॉक्टर, आंघोळीबिगर घरात घेत्याली काय तुमास्नी?"

"घरात आहे कोण घ्यायला?"

गुंडू ट्रे आणायला वळला.

बोटाला दगड लागला. जबड्याखालच्या ग्रंथीतली लाळ एका बारीक नळीने जिभेखाली येते. नळीत क्षार साचून खडा झाला की वाट तुंबते, आणि जेवताना सुटलेली लाळ मागे ग्रंथीत फुगते. खडा सहसा गव्हाएवढा असतो. हा खारकेएवढा निघाला. जागा बधिर करायला नोव्होकेनचं इंजेक्शन देऊन मी नळीवर छेद घेतला. आधी पू आला, मग तो पिवळट, खरबरीत दगड. ट्रेमध्ये टाकला तर ठण्‌ वाजला.

पंधरा दिवसांनी बाळाप्पा आला. जखम भरली होती.

"जमली सोयरीक?"

"जमली की."

"मग चेहरा का असा?"

"पंक्तीत लई गलबला वो, डॉक्टर. घास उतरंना. घरला आलो आन् गोठ्यात बसून जेवलो."

तेव्हापासून जबड्याखाली गाठ असलेला पेशंट आला की मी आधी तोंडात बोट घालतो. मग विचारतो, जेवायला कुणाबरोबर बसता?